काचेचे मणी, पावणेदोन लाख डॉलर आणि न्यायमूर्ती गिन्सबर्ग

मोरपंखी

सप्टेंबर २०२२ मध्ये बॉनहॅम्सच्या लिलावात काचेच्या मण्यांची एक सोनेरी कॉलर १,७६,७७५ डॉलरना गेली. ती होती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांची. त्याच लिलावात त्यांचा एक लाकडी हातोडाही होता, तो गेला २०,४०० ला. न्यायाधीशाचा हातोडा स्वस्त आणि गळ्यातले मणी महाग! पैसे त्यांच्या नावाच्या धर्मादाय निधीत गेले, त्यामुळे तक्रार नाही. पण या प्रकाराबद्दल इथल्या मंडळींशी बोलायचं कधीपासून मनात होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. गिन्सबर्ग १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आल्या. त्यांच्याआधी तिथे बाई एकच, सँड्रा डे ओ'कॉनर, १९८१ पासून. न्यायमूर्तींचा काळा झगा पुरुषांच्या बेताने शिवलेला. आतल्या शर्टाची कॉलर आणि टाय दिसावा म्हणून गळ्याशी जागा सोडलेली. बाईने त्या जागेचं काय करायचं? दोघींनी ठरवलं की आपल्या झग्यावर काहीतरी बायकांचं म्हणून दिसलं पाहिजे. तिथून लेस आली, आणि गिन्सबर्गबाईंच्या चेंबरमधल्या कपाटात वर्षानुवर्षं कॉलरी जमत गेल्या. काही विकत घेतलेल्या, बऱ्याचशा भेट आलेल्या. त्यांची सगळ्यात लाडकी केपटाउनची, पांढऱ्या मण्यांची. एक मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या दुकानातली; 'स्टिफेलियो' या ऑपेरात प्लासिदो दोमिंगो यांनी घातलेल्या कॉलरीची ती नक्कल (बाई ऑपेराच्या वेड्या होत्या). एक पिवळसर, क्रोशाची, लटकनवाली, त्यांच्या हाताखालच्या लॉ क्लार्कांनी दिलेली. बहुमताचा निकाल स्वतः जाहीर करायचा असेल त्या दिवशी ती गळ्यात.

आणि एक काळी. २०१२ मध्ये 'ग्लॅमर' मासिकाच्या समारंभात पाहुण्यांना भेटवस्तूंची पिशवी मिळाली. तिच्यात बनाना रिपब्लिक या कपड्यांच्या ब्रँडचा नेकलेस होता. मॉलमध्ये मिळतो तसला: काचेचे खडे, गडद रंग, लाळेऱ्यासारखा छातीवर पसरणारा आकार. बाईंनी तो झग्यावर चढवून पाहिला आणि ठरवलं की हा भिन्नमताच्या दिवसांसाठी. तेव्हापासून बाई काळा नेकलेस घालून बाकावर येऊन बसल्या की त्यांनी तोंड उघडायच्या आधीच लोक समजून जायचे, आज बहुमताशी पटलेलं नाही. ९ नोव्हेंबर २०१६ ला, म्हणजे ट्रम्प पहिल्यांदा निवडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी, वाचायला कुठलंही भिन्नमत नव्हतं. तरी तोच नेकलेस. शब्द एक नाही.

२०१९ मध्ये कंपनीने तो 'नोटोरियस नेकलेस' या नावाने परत काढला आणि तो हां हां म्हणता संपला. १८ सप्टेंबर २०२० ला बाई गेल्या, तेव्हा न्यूयॉर्कच्या शेअर बाजारासमोरच्या 'फिअरलेस गर्ल' या लहान मुलीच्या पुतळ्याच्याही गळ्यात लेसची कॉलर दिसली. आता तर आरबीजीच्या (रूथ बेडर गिन्सबर्ग या नावाची आद्याक्षरं) कॉलरीचं पेंडंट, कानातले, मुलाम्याचा ब्रोच, काय म्हणाल ते मिळतं. वकील झालेल्या मुलीला द्यायची भेट म्हणून इकडे हे चांगलंच रुळलंय.

माझं मत सरळ सांगते. एखाद्या कायदेपंडित बाईचा मान दागिन्यातून करायचा म्हटलं की आधी कपाळावर आठी येते, 'बाई म्हटली की दागिनाच का?' पण इथे दागिना इतरांनी त्यांच्यावर चढवलेला नाही. त्यांनी स्वतः त्याला कामाला लावलं. त्यामुळे हा मान मला पुतळ्यापेक्षा आणि चौकाला नाव देण्यापेक्षा जास्त चपखल वाटतो. तुम्हाला काय वाटतं?

सरळसोट

मला वाटतं की हा मान नसून माल आहे.

२००७ च्या लेडबेटर खटल्यात हा नेकलेस होता कुठे? लिली लेडबेटर अलाबामातल्या गुडइयर टायरच्या कारखान्यात सुपरवायझर. जवळपास वीस वर्षं नोकरी. शेवटी शेवटी कोणीतरी निनावी चिठ्ठी ठेवली, तेव्हा कळलं की त्याच कामाचा पगार बरोबरीच्या पुरुषांना जास्त मिळतोय. कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने सांगितलं, पगार ठरल्यापासून १८० दिवसांत तक्रार करायला हवी होती. अहो, जे माहीतच नाही त्याची तक्रार कशी करणार? गिन्सबर्गबाईंनी भिन्नमत नुसतं छापायला न देता भर कोर्टात वाचून दाखवलं आणि काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, सांगितलं की चेंडू आता तुमच्याकडे. २९ जानेवारी २००९ ला ओबामांनी जो पहिला कायदा सही केला तो लेडबेटर यांच्या नावाचा. त्याची फ्रेम केलेली प्रत बाईंच्या चेंबरमध्ये होती.

हे सगळं नेकलेसशिवाय झालं. आता कॉलरीचे कानातले घालून ब्रंचला जाणाऱ्या किती जणींना लेडबेटर कोण ते सांगता येईल?

आगाऊ_कार्टी

सरळसोटकाका, शिवाजी महाराजांचं पेंडंट घालणाऱ्या किती जणांना पुरंदरच्या तहातले किल्ले सांगता येतील? म्हणून पेंडंट बंद करायचं का?

सरळसोट

@आगाऊ_कार्टी, तेवीस. आणि हो, त्यांच्याबद्दलही माझं मत हेच आहे.

अॅड_कडीपत्ता

धागा वाचून राहवलं नाही. जिल्हा न्यायालयात वकिली करते, त्यामुळे गळ्याशी काय घालायचं हा प्रश्न आमच्यासाठी रोजचा आहे.

आपल्याकडे बार काउन्सिलच्या नियमात बायकांसाठी काळं जॅकेट किंवा ब्लाउज, पांढरी कॉलर, पांढरे बँड आणि गाऊन. साडी पांढरी, काळी किंवा सौम्य रंगाची, छापा-नक्षी नको. बँड म्हणजे गळ्याखाली लोंबणाऱ्या त्या दोन पांढऱ्या पट्ट्या. कडक हवे असतील तर खळ लागते, नाहीतर दुपारपर्यंत जिलबी होते. बाररूममध्ये डबा खाताना पहिले बँड काढून पर्समध्ये जातात, कारण त्यावर वरणाचा डाग पडला की संपलं. माझ्या सीनियर मॅडमनी पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी सांगितल्या: उलटतपासणीच्या दिवशी काचेच्या बांगड्या नकोत, माइकमध्ये खळखळतात. आणि लांब मंगळसूत्र बँडच्या आत घाल, नाहीतर दोन्ही एकमेकांत अडकतात. आमच्याकडे दागिना म्हणजे कोर्टात शक्य तेवढा लपवायची वस्तू. म्हणून एक न्यायमूर्ती तोच मुद्दाम वर काढून घालते आणि त्यातून काही सांगते, याचं मला अप्रूप आहे.

पण सरळसोटांच्या बाजूनेही एक गोष्ट टाकते, कारण मान कसा द्यावा हे बाईंनी स्वतः दाखवून दिलंय. १९७१ चा रीड विरुद्ध रीड खटला. आयडाहोमध्ये सॅली रीड नावाच्या बाईंचा मुलगा वारला. आईवडील वेगळे झालेले. त्याच्या मालमत्तेची व्यवस्था कोणी पाहायची? कायदाच सांगत होता की दोघे सारखेच लायक असतील तर पुरुषाला पसंती. मालमत्ता हजार डॉलरचीही नव्हती. पण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा बाई-पुरुष असा भेद करणारा कायदा चौदाव्या घटनादुरुस्तीखाली रद्द केला. लेखी युक्तिवाद लिहिण्यात गिन्सबर्ग मुख्य. आणि त्याच्या मुखपृष्ठावर त्यांनी डोरोथी केनियन आणि पॉली मरे या दोघींची नावं घातली. दोघींनी त्यातलं एक वाक्यही लिहिलं नव्हतं. पण हा विचार त्या दोघींनी आधीची अनेक वर्षं मांडला होता, तेव्हा कोर्ट ऐकायला तयार नव्हतं. म्हणून नावं. वकिलीत याहून मोठा दागिना मला तरी माहीत नाही.

मोरपंखी

कडीपत्ताताई, हे जबरदस्त आहे.

सरळसोट, लेडबेटरबद्दल तुमचं सगळं मान्य, पण उलटा विचार करून पाहा. भिन्नमत म्हणजे हरलेल्या बाजूचा कागद. त्याने निकाल बदलत नाही. तो कोणीतरी वाचावा, लक्षात ठेवावा, पुढे कधीतरी उचलावा यासाठीच लिहायचा असतो. वाचून दाखवणं हा त्याकडे लक्ष वेधायचा एक मार्ग, नेकलेस दुसरा. २०१३ मध्ये शेल्बी काउंटीच्या खटल्यात मतदान हक्क कायद्याचं एक मोठं कलम कोर्टाने निकामी केलं. त्यावर त्यांनी लिहिलं होतं की भर पावसात आपण भिजत नाही म्हणून छत्री फेकून देण्यातला हा प्रकार आहे. त्याच भिन्नमतानंतर एका कायद्याच्या विद्यार्थिनीने 'नोटोरियस आरबीजी' नावाचं पान सुरू केलं आणि तिथून पुढे टी-शर्ट, कप, नेकलेस. म्हणजे या मालाचं मूळ एका निकालपत्राच्या वाचनात आहे. उलट नाही.

आणि गळ्याचाच विषय निघालाय तर: १९७३ मध्ये फ्रॉन्टिएरो खटल्यात त्या सर्वोच्च न्यायालयात पहिल्यांदा तोंडी युक्तिवादाला उभ्या राहिल्या. समोर नऊच्या नऊ पुरुष. शेवटी त्यांनी एकोणिसाव्या शतकातल्या, स्त्री-हक्कांसाठी लढणाऱ्या सारा ग्रिम्के यांचं वाक्य म्हटलं. आमच्या बंधूंकडे एवढंच मागणं आहे की आमच्या मानेवरचे पाय काढा.

नाना_६७

उत्तम धागा. मोरपंखीताई, या संदर्भात मॅडलिन ऑलब्राइट आठवल्या. त्या संयुक्त राष्ट्रांत अमेरिकेच्या राजदूत असताना इराकी वृत्तपत्रांनी त्यांना नागीण म्हटलं होतं. पुढच्या इराकविषयीच्या बैठकीला बाई सापाचा ब्रोच लावून हजर! पुढे त्यांनी हे सत्रच चालवलं. वाटाघाटी बऱ्या चालल्या असतील तर फुगे-फुलं, बिनसल्या असतील तर किडे-खेकडे.

अॅड_कडीपत्ता

नाना, किस्सा छानच, पण त्या मुत्सद्दी. राजदूताने नाराजी दाखवायचीच असते. न्यायाधीशाने चेहऱ्यावरची माशी हलू द्यायची नाही अशी अपेक्षा असते. म्हणून न्यायाधीशाच्या ब्रोचचं वजन वेगळं.

लंडनचा_पाऊस

ब्रोच आणि न्यायाधीश म्हटल्यावर मला यावंच लागलं.

२४ सप्टेंबर २०१९. ब्रेक्झिटचा गोंधळ टिपेला. बोरिस जॉन्सन यांनी राणीला सल्ला देऊन पाच आठवडे संसद स्थगित केली होती. यूकेच्या सर्वोच्च न्यायालयात अकरा न्यायमूर्ती बसले आणि निकाल वाचला अध्यक्षा लेडी ब्रेंडा हेल यांनी: एकमताने, स्थगिती बेकायदा, मुळातूनच रद्दबातल. सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. काळा पोशाख, आणि उजव्या खांद्याखाली खड्यांचा भलामोठा कोळी. निकाल शांत, रटाळ म्हणावा इतक्या सपाट आवाजात. आणि तो कोळी चमकतोय. संध्याकाळपर्यंत कोळ्याचे टी-शर्ट निघाले, आणि एका छोट्या कंपनीने त्यातले पैसे बेघरांसाठी काम करणाऱ्या 'शेल्टर' संस्थेला दिले.

आता गंमत अशी की बाईंकडे असे किडे, बेडूक, फुलपाखरं यांचे ब्रोच आधीपासून ढीगभर. त्या नेहमीच घालायच्या. त्या दिवशीच्या कोळ्यात काही गूढ संदेश नव्हता असं त्यांनी नंतर सांगितलं. लोकांनी मात्र त्यात जाळं पाहिलं, सापळा पाहिला, जॉन्सन माशी झाले. पुढे बाईंनी आपल्या आत्मचरित्राच्या नावातच तो कोळी घेतला!

यॉर्कशरमधल्या मुख्याध्यापकांची मुलगी, केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात कायद्यात पहिली. १९८४ मध्ये लॉ कमिशनवर पहिली बाई, २००४ मध्ये पहिली लॉ लॉर्ड (हाउस ऑफ लॉर्ड्समधली न्यायाधीश), २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची पहिली अध्यक्षा. 'चिल्ड्रन अॅक्ट १९८९' हा मुलांच्या बाबतीतला इथला पायाभूत कायदा, त्यामागे त्यांचं मोठं काम. पण दुकानात विचाराल तर 'ती कोळीवाली जज'. म्हणून मी अर्धा मोरपंखी, अर्धा सरळसोट.

आगाऊ_कार्टी

आपल्याकडे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ग्रंथालयात न्यायदेवतेचा नवा पुतळा बसला ना? डोळ्यांवरची पट्टी गेली, तलवार गेली, हातात संविधान आलं, आणि अंगावर साडी, मुकुट, गळ्यात-कानात दागिने. दागिने घातलेली न्यायदेवता चालते, दागिने घातलेली न्यायाधीश म्हटलं की धागा निघतो.

बे_एरियातली_मावशी

कोणीच बोलत नाहीये म्हणून वाईटपणा मी घेते.

माझ्याकडेही तो काळा नेकलेस आहे. २०१९ वाल्या खेपेचा. २४ जून २०२२ नंतर तो ड्रॉवरच्या तळाशी गेलाय. का ते सांगते. बाईंना १९९९ मध्ये आतड्याचा, २००९ मध्ये स्वादुपिंडाचा कर्करोग झाला होता. २०१३-१४ मध्ये ओबामा अध्यक्ष, सिनेट डेमोक्रॅटांकडे. म्हणजे त्यांच्या जागी त्यांच्याच विचारांचं कोणी येऊ शकलं असतं. त्यांनी आता निवृत्त व्हावं असं जाणकार उघडपणे लिहीत होते. त्यांनी पद सोडलं नाही. २०२० मध्ये गेल्या, आणि सव्वा महिन्यात, २६ ऑक्टोबरला, ट्रम्प यांनी निवडलेल्या एमी कोनी बॅरेट सिनेटच्या ५२ विरुद्ध ४८ मतांनी त्या जागी आल्या. मग २४ जून २०२२ च्या डॉब्ज निकालात गर्भपाताचा पन्नास वर्षांचा घटनात्मक हक्क गेला, आणि बहुमतात बॅरेट होत्या.

एका माणसाला इतकं देवत्व दिलं की त्याला 'आता पुरे' म्हणायची सोय राहत नाही. कप, बाहुल्या, नेकलेस यांनी ते देवत्व वाढवलं. बाईंची थोरवी मी नाकारत नाही. पण गळ्यात घालताना तेही आठवतं.

मोरपंखी

मावशी, हे टोचलं, आणि टोचायलाच हवं होतं. माझी बाजू अशी: निवृत्तीचा निर्णय त्यांचा होता आणि त्याची किंमत इतरांनी मोजली, यात वाद नाही. पण तो निर्णय नेकलेसने घेतला असं मला वाटत नाही. ऐंशीव्या वर्षी काम सोडायला तयार नसणारे न्यायाधीश, पुढारी, संपादक पुरुषांत पैशाला पासरी आहेत, आणि त्यांच्या गळ्यात काही नसतं.

टाकणखार

दागिने घडवते, सोन्याचे नाही; चांदी, पितळ, काच, कधी कापड. याला हल्ली समकालीन दागिने म्हणतात. फरक एवढाच की सोनाराकडे दागिना काट्यावर मोजतात, आमच्याकडे गिऱ्हाईक विचारतं 'याचा अर्थ काय?' खरं तर हेही काही नवीन नाही. कोल्हापुरी साजाच्या एकेका पानाला अर्थ असतोच की.

आधी त्या काळ्या नेकलेसविषयी, कारीगराच्या नजरेने. असल्या पसरट गळ्यातल्याची अडचण तोलाची असते. वजन सगळं पुढे, मागे नुसती दोरी. उभं असताना ठीक. बसून पुढे झुकलं की मधला भाग उचलतो आणि हनुवटीकडे येतो. न्यायाधीश दिवसभर बसून, कागदावर झुकून. त्यामुळे मागे कडी-हूकपेक्षा रिबन बरी, हवी तेवढी आवळता येते. दुसरं म्हणजे दातेरी कोंदण. खडा धरणारे ते छोटे दाते कापडात अडकतात आणि धागे ओढतात. झग्यावर घालायचं असेल तर मी खडे बंद कोंदणात बसवीन, सगळीकडून पत्र्याची कड घासून गुळगुळीत. काचेच्या खड्याला मागून वर्ख असतो म्हणून तो चमकतो. घामाने किंवा अत्तराने तो वर्ख काळा पडला की खडा मेला. त्यामुळे वर्षानुवर्षं वापरायचं असेल तर असा स्वस्तातला नेकलेस फार काळजीने ठेवावा लागतो. बाई गेल्यानंतर एलिनॉर करुची यांनी त्या कॉलरींचे काढलेले जवळून फोटो नक्की बघा. मण्यांच्या ओळीत हाताने ओवल्याची थोडीशी वेडीवाकडी लय दिसते, ती मशीनला जमत नाही.

आता माझं म्हणणं. नक्कल करण्यात मला रस नाही. कॉलरीची चिमुकली चांदीची प्रतिकृती म्हणजे ताजमहालाची कीचेन. बाईच्या कामाचा आकार शोधून तो घडवता आला तर मजा. बरेच दिवस डोक्यात आहे ते सांगते: कॉर्नेलिया सोराबजी, आपल्याकडच्या अगदी सुरुवातीच्या बाई वकील.

जन्म नाशिकचा, १८६६. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर. मग ऑक्सफर्डचं सॉमरव्हिल कॉलेज. १८९२ मध्ये तिथली बीसीएलची, म्हणजे कायद्याच्या पदवीची, परीक्षा दिली. खास परवानगी काढावी लागली, कारण आधी कुठल्याही बाईने ती दिली नव्हती. पदवी मात्र नाही. बायकांना पदव्या द्यायला ऑक्सफर्डने सुरुवात केली १९२० मध्ये. मधली वर्षं अठ्ठावीस.

म्हणून गळ्यातलं असं: चांदीच्या अठ्ठावीस उघड्या कड्या. साखळीतली कडी जोडून झाली की तोंड झाळून बंद करतात, ते करायचंच नाही. प्रत्येकीला केसाएवढी फट. तरीही साखळी सुटत नाही, कारण कड्या थोड्या जाड तारेच्या आणि एकमेकींत आडव्या गुंतवलेल्या. एका टोकाला १८९२, दुसऱ्या टोकाला १९२० आणि तिथली कडी तेवढी झाळलेली, बंद. खडा एकही नाही.

आगाऊ_कार्टी

टाकणखारताई, 😮 किंमत सांगा.

सरळसोट

टाकणखार, याला मी माल म्हणणार नाही. कल्पना आवडली.

फक्त सोराबजींबद्दल एक सांगायला हवं. बाई पक्क्या इंग्रजनिष्ठ. गांधीजींच्या चळवळीच्या विरोधात उघडपणे बोलायच्या, लिहायच्या. कॅथरीन मेयोने भारताची नालस्ती करणारं पुस्तक लिहिलं तेव्हा तिचीही पाठराखण केली, आणि त्यामुळे इथल्या लोकांनी त्यांना जवळजवळ वाळीत टाकलं. त्यांचं नाव आपल्याकडे इतकी वर्षं मागे पडलं, त्याचं हे एक कारण असावं.

अॅड_कडीपत्ता

बरोबर आहे, आणि तेही सांगायलाच हवं. पण काम बघा. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये (अज्ञान मुलं, बायका यांच्या इस्टेटी सांभाळणारं सरकारी खातं) पडदानशीन बायकांच्या कायदेशीर सल्लागार. या बायकांच्या नावावर इस्टेटी, पण परक्या पुरुषासमोर येता येत नाही, म्हणजे वकिलाला भेटता येत नाही, म्हणजे दिवाण आणि दीर म्हणतील तिथे अंगठा. सोराबजी पालखीतून, बोटीतून त्यांच्या जनानखान्यात जाऊन कागद वाचून दाखवायच्या. अशा सहाशेवर बायका-मुलांचं काम त्यांनी पाहिलं म्हणतात. आणि एवढं करून स्वतःला कोर्टात वकील म्हणून उभं राहता येत नव्हतं. तो अडसर गेला १९२३ च्या कायद्याने.

मला वाटतं की उघड्या कड्यांचा दागिना त्यांना उलट जास्त शोभतो. सगळंच काही नीट जुळलेली बाई नव्हती ती.

आणि सोराबजी नकोशा वाटत असतील तर मिठन टाटा, लग्नानंतरच्या मिठन लाम, घ्या. १९२३ मध्ये लिंकन्स इन या लंडनच्या बॅरिस्टरांच्या संस्थेतून बॅरिस्टर, मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारी पहिली बाई, पुढे मुंबईची पहिली स्त्री शेरीफ. किंवा सुजाता मनोहर. १९७८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश, १९९४ मध्ये तिथल्याच पहिल्या स्त्री मुख्य न्यायाधीश, आणि १९९७ चा विशाखा निकाल देणाऱ्या तिघांच्या खंडपीठात. आज कुठल्याही ऑफिसच्या भिंतीवर लैंगिक छळाविरुद्धच्या समितीचा फलक दिसतो, त्याची सुरुवात तिथली. त्यांच्या नावाचं काय आहे आपल्याकडे? पेंडंट सोडा, टी-शर्टसुद्धा नाही.

लंडनचा_पाऊस

सोराबजींचा अर्धपुतळा इथे लिंकन्स इनमध्ये आहे, २०१२ मध्ये बसवला. त्या १९५४ मध्ये लंडनलाच वारल्या.

नाना_६७

कडीपत्ताताईंच्या शेवटच्या प्रश्नाला धरून. भारताच्या सर्वोच्च न्यायालयात पहिली बाई फातिमा बीवी, १९८९. म्हणजे न्यायालय स्थापन झाल्यावर एकोणचाळीस वर्षांनी. ३१ ऑगस्ट २०२१ ला एकाच दिवशी तिघींचा शपथविधी झाला तेव्हा केवढी बातमी झाली. आणि त्या तिघी धरूनही तोवरच्या एकूण अकराच. टाकणखारताई, त्या एकोणचाळीस वर्षांना तुमच्या अठ्ठावीस कड्या पुरायच्या नाहीत.

बे_एरियातली_मावशी

नाना 👍

टाकणखार, त्या साखळीची कल्पना फार आवडली. पण कड्या उघड्या म्हणजे केस अडकणार, पदर अडकणार. घालून बघितलंय का?

टाकणखार

मावशी, बरोबर पकडलंत. पहिला नमुना तांब्याच्या तारेचा केला, तो शिफॉनवर घातला आणि शिफॉनचा बळी गेला. आता तारेची दोन्ही टोकं आधी मण्यासारखी वितळवून गोल करून घेते, मग कडी वळवते. फट राहते, पण टोचत नाही. खादी-सुती कापडावर काहीच होत नाही. मोकळ्या केसांना अजून त्रास आहे, अंबाडा किंवा वेणी असेल तर नाही.

आगाऊ_कार्टी, किंमत तार किती जाडीची घेते त्यावर. चांदीचा भाव रोज उड्या मारतोय, आज सांगून उद्या फिरवणं बरं दिसणार नाही. मेसेज करा.

अॅड_कडीपत्ता

माझ्यासारखीला गळ्यातलं उपयोगाचं नाही, बँडच्या खाली झाकून जाईल. गाऊनच्या आत, काळ्या जॅकेटच्या कडेला लागेल अशी पिन करता येईल का? बोटाच्या पेराएवढी, चमक नको. जजसाहेबांना दिसली नाही तरी चालेल, अशीलबाई शेजारी बसते तिला दिसावी. आणि मिठन लाम यांच्यावरची हवी.

टाकणखार

करता येईल. ऑक्सिडाइज्ड चांदीत, मॅट. मागे सुई नको, जॅकेटला भोकं पडतात, चुंबकाची लावते. फक्त मिठनबाईंच्या कामाचा आकार काय धरायचा ते तुम्ही सुचवा. वकील तुम्ही आहात.

अॅड_कडीपत्ता

सोमवारी एक तारीख आहे, ती झाली की बसून लिहिते. तोवर कोणी मिठन लाम यांच्या आठवणी वाचल्या असतील तर इथे टाका.